शंभरात वीस

रात्री साडेनऊला डाळ मिलची चाळणी थांबते
तेव्हा कुठे मला पुस्तक ऐकू येतं.
प्रकरण सहा. ग्राहकाची जोखीम घेण्याची क्षमता.
ग्राहकाचं नाव श्रीयुत अ.
वय बेचाळीस, माझ्याएवढंच.
दोन फ्लॅट, सव्वा कोटीचे शेअर,
मुलीला परदेशी शिकवायचंय.
श्रीयुत अ यांना घाम येतो का, लिहिलेलं नाही.

मी अकरा वर्षं पिग्मी गोळा केली
चौबाऱ्यापासून बसस्टँडपर्यंत.
वीस रुपये, पन्नास रुपये, आज नाही ताई उद्या,
आणि पावतीच्या यंत्राचा तो उंदरासारखा आवाज.
कुणाचे पैसे कुठे असतात मला ठाऊक:
इस्त्रीवाल्या शंकरप्पाचे कोळशाच्या टोपलीखाली,
रतनबाईचे कमरेच्या पिशवीत,
ओलसर, कोथिंबिरीच्या वासाचे.
त्या नोटा मोजताना बोट भिजवावं लागत नाही.

आता लातूरची शाखा म्हणते,
परीक्षा पास व्हा, टेबल देतो, पाटीवर नाव देतो.
संपत्ती व्यवस्थापक.
रेवती हे मोठ्यानं वाचते. म्हणते,
मग आपल्या शिलाई मशिनचं पण व्यवस्थापन करशील?
मग वही घेऊन माझीच परीक्षा घेते.
प्रमाण विचलन म्हणजे काय?
सरासरीपासून किती ढळलं ते, मी सांगते,
आणि तव्यावर पोळी करपते.

चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा.
एकदा पिग्मीचं व्याज पाव टक्क्यानं उतरलं होतं,
रतनबाई तीन दिवस बोलली नव्हती.

शनिवारी प्रश्नावली घेऊन
बांगडीवाल्या खाजामियाँकडे गेले, सराव म्हणून.
त्यांनी स्टूल पुसलं. काय लिहलालाव ताई?
म्हटलं, तुम्हालाच लिहिते.
प्रश्न चौथा.
तुमची गुंतवणूक अचानक वीस टक्क्यांनी घसरली, तर तुम्ही
सगळं विकाल, वाट पाहाल,
आणखी घ्याल, की सल्लागाराला फोन कराल?

त्यांनी पेटीची सुतळी तोडली, भुशात हात घातला.
हिरवा चुडा, हिरवा चुडा, मग तुकडे.
फिरोजाबादहून माल निघाला की शंभरात वीस फुटतातच.
उरलेल्या ऐंशीवर भाव धरायचा.
घसरलं कुठं त्यात? ते तर आधीच धरलेलं.

पेन तसंच राहिलं. चारही चौकोन रिकामे.
समासात लिहिलं: फुटणार हे धरून चालतात.
मग मीच शहाणपणानं विचारलं,
आणि साठ फुटल्या तर?

समोर एक मुलगी मनगट पुढे करून बसली होती.
तिचा अंगठा दाबून त्यांनी चुडा चढवला,
एक, दोन, सातवी अडली, साबण लावला.
मग माझ्याकडे न बघता म्हणाले,
तीन वर्षांमागं फुटल्या होत्या की.
तवा तर पिग्मी मोडली. आठवंना का?

आठवलं.
अकरा हजार चारशे.
मुदतीआधी मोडली म्हणून एक टक्का
मीच कापला होता, नियमानं, एकशे चौदा रुपये,
आणि पावती दिली होती.
उंदरासारखा आवाज.

निघताना बारा बांगड्या घेतल्या. त्यांनी भाव केला नाही,
मीही केला नाही.

लातूरला केंद्राच्या दारात बाईनं सांगितलं,
हातातलं सगळं काढा, आत वाजतं.
कागदाच्या पुडीत बारा बांगड्या बांधून
चपलांच्या रॅकवर ठेवल्या.
सदतिसावा प्रश्न तोच होता, शब्द थोडे वेगळे.
मी 'वाट पाहाल' वर टिचकी मारली.
पुस्तक तसं म्हणतं. पाव गुण कोण घालवणार?
पण हात उघडा होता, आणि हलका,
आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

निकाल लगेच येतो म्हणतात.
माझ्या वेळी सर्व्हर अडकला.
पांढऱ्या पडद्यावर नुसतं एक वर्तुळ फिरत राहिलं,
मनगटात बसेल एवढं.